तांबडीचं पोट

माझा मोठा भाऊ मोदिसा दर शनिवारी शोशोंग गावाहून पिकअप घेऊन गुरांच्या वस्तीवर यायचा. पाण्याच्या पंपासाठी आणलेला डिझेलचा पिंप उतरवायच्या आधी, मला ‘कशी आहेस’ विचारायच्याही आधी, तो काटेरी कुंपणाशी जाऊन तांबडीचं पोट बघायचा. त्या वर्षी आमच्या अख्ख्या घराण्याचं लक्ष त्या एका पोटावर होतं. माझ्या सगळ्या बाळंतपणांना मिळून एवढी चौकशी झाली नव्हती.

कारणही तसंच होतं. आमचा मधला भाऊ ओफेन्त्से वारला, तेव्हा त्याच्या कोंडवाड्यात एकही जनावर उरलं नव्हतं. दुष्काळाने गुरं नेली आणि पाठोपाठ आजारपणाने मालकाला नेलं. मागे राहिली त्याची बायको ओनालेन्ना, शाळेच्या वसतिगृहात असलेला मुलगा काबो, थोड्या शेळ्या, आणि हा रिकामा कोंडवाडा. पुरुषमंडळी चौकात खुर्च्या टाकून बसली आणि बाईने गावात येऊन मोदिसाच्या घरामागच्या खोलीत राहावं असं ठरत आलं होतं. तेवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला, “मला एक गाय माफिसावर द्या.”

माफिसा म्हणजे आमच्याकडची जुनी रीत. गाय मालकाचीच राहते, पण ती दुसरा सांभाळतो, तिचं दूध पितो, आणि ठरलं असेल तर एखादं वासरू त्याचं होतं. पुरुष पुरुषांना देत आले. बाईने मागितल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

मोदिसा बराच वेळ जमिनीवर काठीने रेघा ओढत बसला. माझा भाऊ वाईट नाही. त्याला फक्त ‘हो’ म्हणायच्या आधी ‘नाही’ म्हणायची सवय आहे, आणि मधल्या वेळात माणसं म्हातारी होतात. शेवटी म्हणाला, “तांबडी देतो. पहिलारू आहे, गाभण आहे. वासरू जगलं तर ते तुझं, कोंडवाडा तुझा, मी बोलणार नाही. नाही जगलं, तर गाय परत आणि तू गावात.”

“हो, रा,” वहिनी म्हणाली. मानाच्या पुरुषाला आम्ही रा म्हणतो. वहिनी तो शब्द असा उच्चारायची की त्यात मानही असायचा आणि दार लावून घेतल्याचा आवाजही.

आता यात एक मेख होती. विधवेचं वर्ष सरेपर्यंत, अंगावर गडद निळं कापड असेपर्यंत, बाईने कोंडवाड्यात पाय टाकायचा नसतो. गुरांच्या पायवाटेलाही आडवं जायचं नसतं. तिच्या अंगात मरणाची ऊब असते म्हणतात, आणि त्या उबेने गाभण गाय गाभ टाकते. म्हणजे वहिनीला गाय मिळाली होती, पण गाईला हात लावायची मुभा मिळाली नव्हती. आत जायची कामं माझ्याकडे आली. मी त्या घरची लेक, शिवाय माझ्या नवऱ्याची वस्ती हाकेच्या अंतरावर. वहिनी रोज वाट सोडून, झुडपांतून लांबचा वळसा घेऊन कोंडवाड्याच्या मागच्या बाजूला यायची आणि कुंपणाबाहेरून गाय बघत उभी राहायची. लोक डोंगर बघतात तशी.

हिवाळा अर्धा सरला होता. गवत उभं होतं, पण पांढरं पडलेलं. तोंडात घातलं तर कागद चावल्यासारखं लागेल असं. गुरं पोट भरून घरी यायची आणि तरी वाळत जायची. एक दिवस तांबडी परतली ती तोंडात काहीतरी धरून. जवळ जाऊन बघते तर कासवाची जुनी पाठ. म्हातारा पाइप चघळतो तशी ती डोळे अर्धे मिटून चघळत होती.

मला हसू फुटलं. “वहिनी, तुझ्या गाईला तंबाखूचं व्यसन लागलंय!”

वहिनी हसली नाही. “काढ ते तोंडातून. आधी काढ.”

मी ओढून काढलं. मेलेल्या जनावराचं हाडूक चघळलेल्या गाईचे पाय लुळे पडतात आणि ती उठत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण का चघळतात, ते मी कधी विचारलं नव्हतं. गुरं ती गुरं.

वहिनी म्हणाली, “तिला हाडं हवी आहेत ग. आत आणखी एकाची हाडं होतायत. गवतात नाहीत, म्हणून ती स्वतःची देतेय. स्वतःची संपली की रस्त्यावरची उचलतेय.”

“हे तुला कुणी सांगितलं?”

“अर्धं रेडिओवर ऐकलं. अर्धं काबोच्या वेळी कळलं. मी भिंतीची माती खात होते, आठवतं? तुझी आई म्हणाली होती, सुनेने घर खाल्लं.”

त्या दिवसापासून ती कामाला लागली. रानातली हाडं गोळा करून तिने घरामागे आग पेटवली, आणि हाडं पांढरी, ठिसूळ होईपर्यंत जाळली, म्हणजे त्यातला रोग जळून जावा. मग ज्वारी कांडायच्या उखळात ती कांडली, मीठ मिसळलं आणि मला दिली. मी ती भुकटी अर्ध्या कापलेल्या टायरात ओतली. तांबडीने टायर असा चाटला की रबराला चकाकी आली.

मग शेंगा. मोसूच्या झाडाखाली हिवाळ्यात वळलेल्या, कानातल्या बाळ्यांसारख्या शेंगा पडतात. वहिनी लांब आकड्याने फांद्या हलवायची, गोणी भरायची, डोक्यावर आणायची. नुसत्या घातल्या तर बिया तशाच शेणातून बाहेर येतात, म्हणून त्याही उखळात. वर शेतातून सांभाळून ठेवलेला वाळका चवळीचा वेल. सकाळभर तिच्या अंगणातून मुसळाचा आवाज यायचा. माझा नवरा ओदुएत्से म्हणायचा, “काबोच्या आईकडे लग्न आहे का? एवढं कांडतेय कुणासाठी?”

“गाईसाठी.”

“मग म्हणावं, गाईला भाजीपण करून दे.”

असं सगळं चेष्टेवारी चाललं होतं. एका शनिवारी मोदिसाने टायरात बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं, आणि वळला.

“हे काय आहे, पोरी?”

मी पन्नाशीला टेकलेली बाई, पण मोदिसापुढे अजून पोरगीच आहे. मी टायराकडे बघितलं. कुंपणाबाहेरून वहिनी म्हणाली, “शेंगा, रा. चवळी. हाडाची भुकटी.”

“कोणी सांगितलं चारायला? पहिलारू आहे ती! शेवटच्या महिन्यांत हात आखडायचा असतो. चारशील तर वासरू पोटात वाढेल, दारात अडकेल. माझी बोडकी गाय कशी मेली विसरलीस?”

बोडकी विसरण्यासारखी नव्हती. आदल्या वर्षी मोदिसाने तिला गावातल्या घरी बांधून मक्याचा कोंडा चारला होता. ती पिंपासारखी झाली. वासरू अडकलं आणि दोघंही गेली. मोदिसा त्या दिवशी जेवला नव्हता. त्यानंतर त्याने मनाशी गाठ मारली: गाभण गाय उपाशी बरी. आमच्या बापाचंही तेच म्हणणं होतं, त्याच्या बापाचंही. या तिघांना कोण खोडणार?

“नाही विसरले,” वहिनी म्हणाली. “बोडकी जास्त खाऊन मेली. पण त्याच वर्षी काबोच्या बाबांची करडी उपाशी मेली, रा. तिचं वासरू एवढंसं होतं, मांजराएवढं. तरी बाहेर येईना, कारण तिला कळ द्यायला ताकदच नव्हती. आम्ही ओढून काढलं. जिवंत होतं. उठलं नाही. आईच्या सडांत बोट बुडेल एवढाही चीक नव्हता.”

मोदिसाने भुकटीचं बोट पँटला पुसलं.

“मी हिची बोडकी होऊ देणार नाही,” वहिनी पुढे म्हणाली. “बघा, मागच्या दोन बरगड्या दिसतायत. त्या दिसायला लागल्या की मी थोडं वाढवते, लपायला लागल्या की थोडं कमी करते. पोट नका बघू, रा. पोट वासराचं आहे. पाठ बघा. पाठ गाईची आहे.”

“आणि मी म्हटलं, बंद कर, तर?”

इथे मला वाटलं, आता ती नेहमीसारखं ‘हो, रा’ म्हणेल, मान खाली घालेल, आणि आम्ही दोघी मागच्या बाजूने चारत राहू. मी मनातल्या मनात गोणी कुठे लपवायची ते ठरवूनही टाकलं. लपवाछपवीत मी हुशार आहे.

वहिनीने शाल सावरली. “गाय तुमची आहे. तुम्ही नेऊ शकता, आत्ता. पण माझ्याकडे असेपर्यंत मी चारणार. चोरून नाही, सांगून. वासरू अडकलं तर मी बोचकं बांधून तुमच्या मागच्या खोलीत येईन, आणि दुष्काळाला दोष देणार नाही.”

मला तिथेच तिचे पाय धरावेसे वाटले आणि कानाखाली एक ठेवूनही द्यावीशी वाटली. कारण गाईला उपाशी ठेवायचा मार्ग किती सोपा होता बघा. उपाशी गाईचं वासरू मेलं असतं तर लोक म्हणाले असते, काय करणार, वर्षच तसं. चारलेल्या गाईचं मेलं असतं तर म्हणाले असते, बाईने मारलं. निळ्या कापडाची ऊब आणि वर शेंगा. सगळा दोष तिने स्वतःहून, मोसूच्या गोणीसारखा, डोक्यावर उचलून घेतला होता.

मोदिसा गाडीत बसला. खिडकीतून म्हणाला, “ठीक आहे. बघू.” गाडी गेली, मग दोघींच्या लक्षात आलं की तो डिझेलचा पिंप उतरवायचा विसरला. तो आठवडाभर ओदुएत्सेने आमच्या बोअरवरून पाणी दिलं आणि त्याबद्दल मला रोज ऐकवलं.

उन्हाळा चढत गेला. शेजारपाजारच्या गाई विण्याआधीच बसायला लागल्या होत्या. लोक शेपटीला धरून, पोटाखाली काठी घालून त्यांना उठवायचे. तांबडी चालत पाण्यावर जायची, चालत परत यायची. अंगावर फार मांस नव्हतं, पण पाठीवर हात ठेवला तर हाड टोचत नव्हतं. वहिनी मात्र वाळली. शेंगा संपत आल्या तशी लांब लांब जायला लागली. मी म्हटलं, “तुझ्याच बरगड्या मोजायची वेळ आली.” तर म्हणते, “माझ्या पोटात कोण आहे? मला चालेल.” मी दुसऱ्या दिवसापासून जाताना ताकातली लापशी घेऊन जायला लागले आणि ती संपेपर्यंत समोर बसायला लागले. गाईला वहिनी, वहिनीला मी. आमच्याकडे सगळी कामं अशी रांगेत असतात.

तांबडीला कळा लागल्या त्या नेमक्या शनिवारी, सकाळी, मोदिसाची गाडी धूळ उडवत येत असताना. नशिबाला माझ्या भावाचं वेळापत्रक पाठ असावं.

तो कुंपणावर हात ठेवून उभा राहिला. मी आत. वहिनी मागच्या बाजूला, बाहेर. पाण्याची पिशवी फुटली. एक खूर दिसला. मग नाक दिसलं, आणि जिभेचं टोक. आम्ही दुसऱ्या खुराची वाट बघत राहिलो. तांबडी कळ देत होती, थांबत होती, पुन्हा देत होती. सावली सरकली. खूर एकच राहिला.

“अडकलं,” मोदिसा म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता हे मी त्याच्या बाजूने सांगते. आवाज बोडकीच्या दिवसाचा होता. “सांगितलं होतं मी. मोठं झालंय.”

“मोठं नाही,” वहिनी पलीकडून ओरडली. “डोकं आलंय ना? डोकं येतंय म्हणजे जागा आहे. एक पाय मागे दुमडलाय. दुसरा पाय आत राहिलाय!”

मोदिसा बाह्या सरसावून आत आला. पण माझ्या भावाचे हात म्हणजे फावडी, आणि सांध्यांनी सुजलेली. पहिलारूच्या अंगात ते जाईनात. त्याने दोनदा प्रयत्न केला, तांबडी कण्हली, त्याने हात काढला आणि घाम पुसत, चक्क ओरडला, “काबोची आई, आत ये! तुझे हात लहान आहेत. ये!”

सगळं थांबलं. रीत राखणारा, वहिनीची वाटेवरची पावलंसुद्धा निरखणारा माणूस तिला आत बोलावत होता.

वहिनी कुंपणाला दोन्ही हातांनी धरून उभी होती. काटे तळव्यात गेले होते, ते तिला नंतर दिसले. यावंसं तिला किती वाटत होतं ते मी पाहिलं. पण ती म्हणाली, “नाही, रा. आज तुम्ही घाबरलात म्हणून बोलावताय. उद्या गाईला काही झालं तर तुम्हालाच ते आठवेल, आणि तुम्हाला झोप लागणार नाही. मोसेत्साना आहे ना. तिचे हात माझ्याएवढेच आहेत.”

“माझे?” मी म्हटलं. “मी काय केलंय?”

“साबण लाव. कोपरापर्यंत.”

मी आयुष्यात गाईच्या पोटात हात घातला नव्हता आणि पुन्हा घालायची हौस नाही. आत ऊन पडलेल्या वाळूसारखं गरम होतं आणि घट्ट. वहिनी बाहेरून सांगत होती, मी डोळे मिटून ऐकत होते. “आधी डोकं मागे ढकल. कळ असताना नको, कळ गेली की. हळू. आता पायावरून खाली जा. गुडघा लागला?”

“काहीतरी लागलं. गुडघा असेल नाहीतर माझं नशीब असेल.”

“बडबडू नकोस. गुडघा वर ढकल, आणि खूर मुठीत घे, झाकून, म्हणजे आत ओरखडा येणार नाही. घेतलास? आता पुढे आण.”

कळ आली की माझा हात चिमट्यात सापडल्यासारखा व्हायचा. हे बराच वेळ चाललं, आणि त्या सगळ्या वेळात एक गोष्ट घडली नाही, ती म्हणजे तांबडी बसली नाही. करडी असती तर केव्हाच कुशीवर पडली असती, आणि पडलेल्या गाईच्या अंगात माझ्यासारखीला पाय सरळ करायला जागाच मिळाली नसती. तांबडी चारही पाय रोवून उभी होती. तिचे पाय थरथरत होते. मोदिसा तिचं डोकं छातीशी धरून बोलत होता, “उभी राहा, आई. उभी राहा, माझी बाय.” बायकोशी तो असं बोलताना मी कधी ऐकलेलं नाही.

खूर आला. दोन खूर, वर नाक. मग तांबडीने जी कळ दिली, ती तिने खाल्लेल्या प्रत्येक शेंगेची होती. वासरू माझ्या मांडीवर आलं आणि त्याच्यासकट मी शेणात बसले.

मोदिसाने त्याच्या नाकातला चिकटा बोटाने काढला. वासराने शिंक दिली, डोकं झटकलं. ना फार मोठं, ना फार लहान. गाईच्या पोटातून यावं एवढंच. आईने एकदा अंगभर चाटलं तोच ते मागचे पाय उचलायला लागलं. पडलं. उठलं. पुन्हा पडलं, आणि आता राग आल्यासारखं उठलं. करडीच्या वासराला आम्ही चौघांनी उभं केलं होतं तरी ते घडी घातल्यासारखं खाली बसलं होतं, ते मला आठवलं. वहिनीलाही आठवत असणार. तिने तोंडावर शालीचं टोक धरलं होतं.

मोदिसाने शेपटी उचलून बघितली आणि त्याच्या तोंडावर असं हसू पसरलं! “मुलगी आहे!”

पण एक राहिलंच होतं. बाळंत गाईचा पहिला चीक आमच्याकडे मालकाचा. तो शिजवून पुरुष खातात, ती मोठी मेजवानी. मोदिसा सवयीने गाडीकडे गेला आणि किटली घेऊन आला.

“आधी वासरू, रा,” बाहेरून आवाज आला.

“मी थोडाच काढणार आहे.”

“आधी वासरू. पोट भरून. मग उरेल तो तुमचा.”

“उरत नसतो,” मोदिसा म्हणाला. “या दिवसांत कधी उरत नाही.”

पण किटली घेऊन तो दगडावर बसला आणि वाट बघितली. वासरू आईच्या पुढच्या पायांत शोधत राहिलं, मग योग्य जागी पोचलं. शेपटी हलायला लागली. ते एका सडावरून दुसऱ्यावर गेलं, तोंडाच्या कडेने पिवळा फेस आला, पोट टम्म झालं, आणि ते आहे तिथेच आडवं होऊन झोपलं. मोदिसा उठला. कास चाचपली. थोडा वेळ नुसता हात ठेवून राहिला. मग काढायला बसला, आणि किटलीत पडला तो पातळ, पाणेरी द्रव नव्हता, अंड्याच्या बलकासारखा दाट, पिवळाधमक चीक.

वहिनीने तीन पायांच्या काळ्या भांड्यात तो शिजवला. मोदिसाने पहिला घास घेतला. आम्ही दोघी बघतोय हे त्याला कळत होतं. तो सावकाश चावत राहिला.

“मीठ कमी आहे,” तो म्हणाला.

“हो, रा,” वहिनी म्हणाली.

त्याने भांडं पुसून खाल्लं. निघताना गाडीशी थांबला, चावी हातात खेळवत. “ती हाडं... किती वेळ जाळायची?”

“पांढरी होईपर्यंत. हाताने मोडली पाहिजेत.”

“बरं.” मग माझ्याकडे वळून, “तू काय हसतेस, पोरी? जा, हात धू.”

पुढच्या शनिवारी गाडीत डिझेल होतं, हाडांच्या गोण्या होत्या, आणि तीन गाभण कालवडी. “तात्पुरत्या,” मोदिसा म्हणाला. कालवडी अजून तिथेच आहेत.

वर्ष सरलं तेव्हा मीच वहिनीचं निळं कापड उतरवलं. ते नणंदेचं काम. दुसऱ्या सकाळी ती कोंडवाड्याच्या पुढच्या दाराने आत गेली. तिची कालवड तिच्या बरोबरीच्या वासरांत उठून दिसत होती. रुंद पाठ, चकचकीत केस, आणि पोटात असल्यापासून खायला मिळालेल्या पोरीचा निर्धास्तपणा. वहिनीने तिच्या मानेला पहिल्यांदाच हात लावला. दोघी एकमेकींना हुंगत उभ्या राहिल्या.

तांबडी लगेच पुन्हा गाभण राहिली होती. खाल्लेली गाय थांबत नाही. ती विणार होती त्या दिवशी वहिनी एकटीच आत होती, मी आणि मोदिसा बाहेर. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. हे वासरू करारात मोदिसाचं, त्यामुळे तो कुंपणाचे काटे मोडत होता.

माझं पूर्ण नाव मोसेत्सानागापे. त्याचा अर्थ, पुन्हा मुलगी. माझ्या आधी दोघी बहिणी झाल्या होत्या, आणि बापाने हे नाव उच्चारून कपाळाला हात लावला होता, असं आई सांगायची. पन्नास वर्षं मी ते नाव तसंच वागवलं.

आतून वहिनी गळा फाडून ओरडली, “पुन्हा मुलगी!”

आणि माझ्या भावाने, टोपी काढून, आभाळात फेकली.